हिल आणि हील

ही वही कुणाच्या हाती पडलीच तर आधी माफी मागते. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि शुद्धलेखनात मी कच्ची. चौथीपर्यंतच शिकले. त्यातला एकच नियम डोक्यात पक्का बसला होता. फूल, मूल, खीर, वीट. शेवटचं अक्षर साधं असेल तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ काढायचा. त्या नियमानेच माझा घात केला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात एका बराकीच्या अर्ध्या भागात आम्ही भाड्याने राहत होतो. हे अंबरनाथच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. बराकीच्या दुसऱ्या अर्ध्यात कराचीहून आलेले एक वृद्ध सिंधी मास्तर मुलगा-सुनेबरोबर राहायचे. तिकडे ते फ्रेंच शिकवायचे. इकडे आल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. सगळे त्यांना दादा म्हणत.

बदलापूरच्या पुढे डोंगरांत दगड तपासायला कारखान्याने दोन फ्रेंच साहेब बोलावले होते. डोंगरांचे कागद इंग्रजीत, त्यातले शब्द फ्रेंचमध्ये करून हवे होते. यांनी मोठ्या साहेबांना सांगितलं, "माझ्या शेजारी माणूस आहे." साहेबांनी साठ रुपये आगाऊ दिले. निम्मे दादांचे, निम्मे आमचे. दादांचे औषधपाण्यात गेले, आमचे थकलेल्या भाड्यात.

सकाळी कामावर जाण्याआधी हे इंग्रजी शब्द वाचायचे, मी ते मराठी अक्षरांत उतरवायचे. दुपारी दादांना वाचून दाखवायचे. मग ते फ्रेंच शब्दाचं एकेक अक्षर सांगत, ते मी एबीसीडीत लिहून घेई. एबीसीडी यांनीच शिकवली होती. पण परक्या पुरुषासमोर वाचण्यापलीकडे एक शब्दही मी बोलत नसे.

पहिल्या कागदावर चाळीस शब्द, बहुतेक हिलचेच. हिल, हिलटॉप, हिलसाइड. शिवाय स्लिप, डिप. मी नियमाप्रमाणे लिहिलं, हील, स्लीप, डीप. आणि लिहिलं तसंच वाचलं.

दादांनी आपली टाच बोटाने ठोकली. "हील? एडी? एडी का ऊपर, एडी का बाजू... बेटी, तेरा घरवाला जूते की कंपनी में है क्या?"

काम डोंगराचं आहे एवढं मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण दारात त्यांची सून उभी राहून हसत होती. मी पदर ओढून नुसतं "हं" म्हटलं.

"अच्छा! और ये स्लीप? जूता पहनके सोते हैं?" असं म्हणत त्यांनी झोपेचा फ्रेंच शब्दही सांगितला. मी निमूट उतरवला. यांनी इंग्रजी शब्दांसमोर सगळं टाईप करून दिलं.

आठ दिवसांनी हे भर दुपारी घरी आले. चपलाही काढल्या नाहीत.

"साहेबांनी सगळ्यांसमोर कागद फेकला! डोंगराच्या टाचेवर चढा म्हणे, आणि कडा कोसळत नाही, झोपतो म्हणे! फ्रेंच साहेब पोट धरून हसला. थापाड्या म्हातारा. त्याला फ्रेंच येतच नाही. आत्ता जाऊन तीस रुपये वसूल करतो."

"अहो, ऐका ना..."

"तू मध्ये बोलू नकोस."

मधली भिंत फळ्यांची. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. हे ओरडत होते. मग दादांचा आवाज आला. "बेटे, घर गया, सामान गया. अब मेरी पढ़ाई भी झूठी?"

मी वही उचलली आणि त्यांच्या दारात गेले. सून होती, बाहेर दोन बायका जमल्या होत्या. "दादांचं बरोबर आहे," मी म्हटलं. "जोड्यांची कंपनी आहे का, असं त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं."

यांनी वही हिसकावली. "हील? अगं, मी हिल सांगितलं होतं, हिल! दीर्घ काढायला कुणी सांगितलं?"

"शाळेत."

दादांनी कपाळावर हात मारला. "हिल! पहाड़! अरे, वो तो फ्रेंच में कोलीन है."

मला कोळीण ऐकू आलं. वाटलं, आता हे आणखी काय? दादा एकेक अक्षर सांगू लागले, आणि या वेळी हे स्वतः खाली बसून लिहू लागले. चाळीसही शब्द नव्याने झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो कागद हातातही घेतला नाही. काम मुंबईच्या कुणाला तरी दिलं होतं. साठ रुपये परत करा, म्हणाले.

"दादांचे तीस दादा देतील," हे म्हणाले.

"त्यांचं काम चोख होतं. चूक माझी, साठही मीच फेडीन." लग्न झाल्यापासून यांना मी कधी असं बोलले नव्हते.

दादांच्या सुनेने मला सिंधी पापड लाटायला शिकवलं. मिरीचे, पातळ. पहिले कितीतरी फाटले, ते आम्हीच खाल्ले. मग दुकानदार शेकड्यावर पैसे देऊ लागला. दर महिन्याला पाच रुपये मी यांच्या हातावर ठेवी, हे ते साहेबांकडे भरत. वर्षाने शेवटचे पाच भरले, तेव्हा हे पावती घेऊन आले आणि न विचारता मला वाचून दाखवली. साठ रुपये पूर्ण पोचले.