श्रावणभाऊंचं तोंड

आमचे शेजारी श्रावणभाऊ नुसत्या वासावर निकाल द्यायचे. माझ्या घरी फोडणी पडली, की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "बाई, तेल तापलंच नाही!" शाळेत मी साऱ्या गावाच्या पोरांना दटावायची, पण यांच्यापुढे गप्प. बस थांब्यावरच्या हॉटेलात ते आचारी होते आणि त्यांच्या आलूबोंड्यासाठी लोक हातची एसटी सोडून द्यायचे.

पंचाहत्तरच्या आसपास उन्हाळ्यात हैजा, म्हणजे कॉलरा, आला. बाजार बंद, हॉटेल बंद. "बोलावतो," म्हणून मालकाने भाऊंना घरी पाठवलं ते पाठवलंच. सारं गाव रोगाला भ्यायलं होतं. भाऊंच्या बायकोवर, देवकाबाईंवर, संकट वेगळंच होतं. नवरा दिवसभर घरी!

देवकाबाई विड्या वळायच्या. त्यावर आता घर चाललं आणि भाऊंचं तोंडही.

"मीठ आधीच काहून टाकलं?"

"हे काय हॉटेल होय? बसा चूपचाप."

एक दिवस त्यांनी झाराच नवऱ्याच्या हाती दिला. पंचाईत अशी, की पन्नास माणसांचं डोळे मिटून रांधणाऱ्याला दोघांचं जमेना. मोठा गंज भरून भाजी उरली. हैज्यात दुसऱ्याच्या घरचं खाणार कोण? देवकाबाई रडल्या, तर भाऊ म्हणतात, "माह्या हाताले नाव नोको ठेवू."

झालं! "मी चालली कोंढ्याले, भावाकडे. तुमी या गंजासंगं करा संसार!" म्हणत त्या पायीच निघाल्या. भाऊ ओट्यावर ढिम्म. मला असा संताप आला, की मी दार आपटून लावून घेतलं.

दिवस मावळायच्या आत त्या परत! भाऊ चुलीपुढे होते. "भूक लागली असन," एवढंच बोलले. भाजी दोघांपुरतीच होती, जाळ तिखट. देवकाबाईंनी मुकाट्याने खाल्ली. पडत्या काळात नवऱ्याला सोडलं नाही, म्हणून गावाने त्यांचं कोण कौतुक केलं! भाऊही मान डोलवायचे. पुढे त्यांना दुसऱ्या हॉटेलात काम मिळालं; घरातली भांडणं मात्र होती तशीच राहिली.

बऱ्याच वर्षांनी भाऊ गेले. तेरवीची पंगत उठल्यावर देवकाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"बाई, मी त्या दिवशी आपल्या मनानं नोयती आली वापस. हैजाच्या गावची म्हणून सख्ख्या भावानं शिवेवरूनच परतवलं. लाजेनं कोनाले सांगतलं नाही, नवऱ्याले त नाहीच."

मी म्हटलं, "जाऊ द्या आता."

"आज तेरवीले आलेला माहा भाऊ सांगून राहिला, का त्या दिवशी हे माह्या मांगं आंब्याखाली सायकल धरून उभे होते. सारं आयकलं यायनं. इतके भांडलो आमी, पन एकडाव नाही म्हटलं, का तुले त माहेरानंबी ठेवलं नाही."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी झटक्याने सोडवून घेतला.

"जितेपणी सांगाले काय झालं होतं? आता कोनासंगं भांडू मी?"