घराकडे तोंड केलेले बैल

त्या बंडीवाल्याचं नाव मी विचारलं नाही. तेव्हा अनसिंगहून एसटी नव्हती, म्हणून वाशीमच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरकीची मुलाखत द्यायला मी त्याच्या बैलबंडीतून निघालो होतो. बोलण्याआधी तो तंबाखू गालात सरकवायचा आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवायचा. दुपारी माझ्या हाती कासरा देऊन तो मागे झोपला.

ऊन लागलं, म्हणून मी बंडी वळवून बाभळीच्या सावलीत घेतली आणि डोळे मिटून घोकू लागलो: 'होमवर्ड' म्हणजे 'घराकडे', त्यातल्या 'वर्ड'चा अर्थ 'कडे', त्याचं मूळ 'वळणे', म्हणजे आपल्या संस्कृत 'वृत्'चं भावंड. बैल झपाझप चालू लागले. माझ्या इंग्रजीने त्यांनाही हुरूप आला, असं मला वाटलं.

बंडीवाला उठला.

"हे तं अनसिंग दिसून राह्यलं! बंडी फिरवली का, मास्तर?"

"जराशी. सावलीसाठी."

"तोंड घराकडं केल्यावर बैल कायले थांबतीन?"

त्याने बंडी परत वाशीमकडे वळवली. आता बैल पाय ओढत होते. मी चिडून त्यांना हाकारलं, तर त्याने माझा हात धरला.

"त्यायच्यावर कायले चिडता? मुलाखत तुमची हाय, त्यायची थोडीच हाय!"

आम्ही पोचलो तेव्हा शाळेला कुलूप होतं.