घागर सहा, हंडा आठ

अंबुजेला गणित येत होतं, हीच तर रडकथा. येत नसतं तर निदान आशा तरी लागली नसती.

नवरा गेल्यावर ती मद्रासला सासऱ्यांच्याच घरी राहिली. नारायणस्वामीराव गणिताचे निवृत्त मास्तर. तंजावरकडच्या नातेवाइकांनी नाकं मुरडली, तरी त्यांनी सुनेला समीकरणं शिकवली. घर मात्र चालवायचा धाकटा दीर गुरुराज, जॉर्ज टाउनातल्या एका पेढीतला कारकून. अठ्ठावन्न साली त्यानं बजावलं, "वैनी, मास्तरणींच्या ट्रेनिंगला जागा मिळाली तर राहा. न मिळाली तर तंजावूरला आत्तीच्या स्वयंपाकाला जा." वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी प्रवेशपरीक्षेलाही बसता येणार नव्हतं.

परीक्षा शुक्रवारी होती. वीस गुणांचा प्रश्न असा: दोन घागरी आणि तीन हंडे मिळून छत्तीस मापं पाणी, चार घागरी आणि सहा हंडे मिळून बहात्तर. एवढ्या माहितीवरून एकेकाचं माप निघेल का? निघत असल्यास काढा, नसल्यास कारण द्या.

तिनं पहिलं समीकरण दुपटीनं घेतलं, दुसऱ्यातून वजा केलं. शून्य बरोबर शून्य! पुन्हा केलं, पुन्हा तेच. घड्याळ काही थांबेना. अखेर तिनं अंदाजानं घागर सहा, हंडा आठ धरून पाहिलं. दोन्हीकडे चपखल बसलं! तेच लिहून ती घाईनं पुढं गेली, पण तोवर तास उलटला होता. शेवटचे दोन प्रश्न कोरेच राहिले.

घरी आल्या आल्या तिनं सासऱ्यांना उत्तर सांगितलं.

"घागर तीन धर गे, हंडा दहा," ते म्हणाले.

तिनं मनातच गुणाकार केला. तेही बसत होतं.

"दुसरं वाक्य पहिल्याचीच दुप्पट, अंबुजा. माहिती अपुरी. एवढंच लिहायचं होतं. शून्य आलं तेव्हा कळलं नाय तुला?"

"कळलं होतं, मामंजी."

"अय्यो, मग?"

"शुक्रवार होता," ती म्हणाली. "शुक्रवारी घरात तांदूळ सरले तरी आपण सरले म्हणत नाय, वाढले म्हणतो. तुम्हीच शिकवलं. आजच्या दिवशी, माझ्या हातानं, पुरत नाय असं कसं लिहू?"

नारायणस्वामीरावांनी कपाळाला हात लावला. रागवावं कुणावर? या घरात ती रीत त्यांच्याच आईनं आणली आणि त्यांनीच कडक पाळली होती.

"साडेचार आणि नऊही बसतात," अंबुजा रडत म्हणाली. "कितीही बसतात, मामंजी."

तेवढ्यात गुरुराज कामावरून आला. पेपर कसा गेला, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं. दोघांचे चेहरे पाहिले आणि मिटलं. चप्पल पायातच होती. तंजावरच्या आत्याला लिहायला पोस्टकार्ड आणायला तो तसाच बाहेर पडला.