खोडरबरांचा डबा

"काहून खोडून राहिली वं? राहू दे ना चूक!"

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात गणित घेतलेल्या प्रत्येक मुलीच्या पाठीत मॅडमचं हे वाक्य बसलेलं आहे. हो, पाठीतच. वाक्यापाठोपाठ धपाटा यायचा.

साडीखाली स्पोर्ट्स शूज घालून पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांचे खोडरबर गोळा करायच्या, प्रत्येकावर नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायच्या. चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ, खाली दुरुस्ती. "कुठं चुकलो हे आपल्याले दिसलं पायजे." तुम्हीच सांगा, पदवीच्या पोरींचे रबर कोणी जप्त करतं का? माझा तर नवाकोरा होता. असा संताप यायचा!

तिसऱ्या वर्षी बाबांनी जाहीर केलं, पदवी झाली की लग्न. बाबा अकोल्यात शिवणकाम करतात. मी रडत मॅडमना सांगितलं, तर रविवारी बाई एसटीने थेट आमच्या दुकानात हजर.

"विमा, बँक, हवामान खातं, कॉम्प्युटर, सगळीकडं गणितवाले लागतात, भाऊ."

"लागत असतीन. पण हिले कोण घेईन?"

"एक वर्ष द्या. नाही लागली नोकरी, तर लग्नात पंगत मी वाढीन."

वर्ष सरत आलं तेव्हा एका विमा कंपनीची लेखी परीक्षा दिली. शेवटचं गणित फसलं. संभाव्यता एकाहून जास्त आली, म्हणजे शंभरातले एकशेवीस दिवस पाऊस! सवयीने रेघ मारली, खाली पुन्हा सुरुवात केली आणि वेळ संपली. बाहेर येऊन पोटभर रडले.

मुलाखतीत साहेबांनी तोच कागद पुढे केला.

"ही रेघ का मारली?"

"असं उत्तर येऊच शकत नाही, सर."

"बाकीच्यांनी तेच उत्तर चौकटीत लिहिलंय," ते हसून म्हणाले.

नेमणुकीचं पत्र वाचून बाबांनी मशीन थांबवलं. "सुटलो माय एकदाचा!" म्हणाले आणि डोळे पुसत बसले. माझ्या छातीवरचा धोंडाही तेव्हाच उतरला.

पेढे घेऊन गेले, तर मॅडमनी पेढा तोंडात टाकून डबा उघडला आणि माझा रबर शोधून काढला.

"घे. आता तुले याचा काही धोका नाही."

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. परवा कॉलेजात डोकावले, तर त्यांच्या टेबलावर डबा नव्हता. माझा रबर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्याचे चारही कोपरे अजून शाबूत आहेत.