चार टाके आणि काळा रंग

आमच्या मधल्या खोलीत, भिंतीला टेकवून, ट्रकच्या मागच्या चाकापाठी लोंबणारं एक रबर कितीतरी वर्षं उभं होतं. मडफ्लॅप म्हणतात त्याला. आम्ही धंद्यातले लोक नुसतं रबर म्हणायचो. त्यावर पांढऱ्या रंगात ‘रेणुकाई’ असं लिहिलेलं होतं, म्हणून माझी बायको दर मंगळवारी त्याला हळद-कुंकू लावायची. ती वाकली की मी उठून अंगणात जायचो. तिला वाटायचं, ह्यांचा देवावर विश्वास नाही. खरं म्हणजे मला त्या रबराची भीती वाटायची. ते आमच्या घरात कसं आलं हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली.

जालन्यातून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं पत्र्याचं दुकान होतं. वेल्डिंग आणि रबराचं काम. साखर कारखान्यात पोती वाहणारा रबरी पट्टा जुना झाला की भंगारात यायचा. तो मी घ्यायचो आणि साबणाच्या पाण्यात रापी बुडवून त्याची रबरं कापायचो. ही गोष्ट नव्वदनंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांतली आहे. त्या सुमारास बरेच ट्रकवाले नऊ-वीसचे टायर काढून दहा-वीसचे घालू लागले होते, माल जास्त भरता यावा म्हणून. टायर मोठा झाला की तो मागच्या रबराला घासतो. मग रबर ज्या लोखंडी ब्रॅकेटला टांगलेलं असतं ते ब्रॅकेट चार बोटं मागं सरकवावं लागतं. तेही गाडी भरल्यावर किती बसते याचा अंदाज घेऊन. काम अवघड नाही. लक्ष देऊन करावं लागतं, एवढंच.

पिंपळगाव रेणुकाईचा एक गाडीमालक माझ्याकडे यायचा. त्यानं नव्या टायरांसाठी नवी रबरं सांगितली. टायर मोठा म्हणून रबरही लांब हवं, असं समजून मी ती चार बोटं जास्त लांब कापली. टायर आले नव्हते, मापाला गाडीही समोर नव्हती. चूक तिथूनच सुरू झाली. मालकानं रबरं परस्पर पेंटरकडे नेली. पेंटरनं खालच्या कडेला लागून, रुंदीभर, देवीचं नाव काढलं.

आठ-दहा दिवसांनी गाडी आली. मोठे टायर चढलेले. मी रबर धरून पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, गाडी भरली की हे जमिनीला टेकणार. टेकलं की गाडी मागं घेताना चाकाखाली सापडणार.

“मालक, खालून चार बोटं कापावं लागंल,” मी म्हणालो.

“कुठून कापतो? नाव हाय तिथं.”

“नाव पुन्हा वर लिहून घेता येईल.”

“देवीच्या नावावर रापी चालवतो? हात गळून पडंल तुझा. आन माप कोण चुकलं? मी का तू?”

मलाही ते नाव कापायचं नव्हतं, हे इथे कबूल करतो. रापी हातात घेतली होती, पण ‘रे’च्या पायाशी टेकवायचं धाडस झालं नाही. गाडीचा ड्रायव्हर टेंभुर्णीचा होता. बारीक, हसतमुख माणूस. तो टायरवर बसून बिडी ओढत होता.

“मिस्त्री, देवीला वरून कापा. डोक्यावरून जरा पदर कमी केला तर न्हाई रागवायची ती,” तो म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. वरून कापून नवी भोकं पाडता आली असती. पण मालक माझ्याकडे असा बघत होता की मला पुन्हा काही मोजायची हिंमत झाली नाही. मी म्हणालो, ब्रॅकेट चारऐवजी सहा बोटं मागं घेतो, मग रबर चाकापासून लांब राहील. मालक म्हणाला, काय करायचं ते जल्दी कर, घनसावंगीला कापूस भरायला लागायचंय.

उजवीकडचं ब्रॅकेट मी नीट केलं. लोखंडाचा तुकडा जोडला, चारी बाजूंनी पूर्ण वेल्डिंग फिरवलं. डावीकडचा तुकडा लावला, तो हलू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार टाके मारले, आणि लाइट गेली. टाके म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके. शिवणकामात कच्चा दोरा घालतात तसं. पक्कं काम त्याच्यावर करायचं असतं. लाइट चार वाजेपर्यंत यायची नव्हती.

“झालं का?” मालकानं विचारलं.

“झालं” म्हणायच्या आधी मी डबा उघडला आणि जोडावर काळा रंग फिरवला. दोन्हीकडं. रंगाखाली दोन्ही जोड सारखेच दिसायला लागले. तो ब्रश माझ्या हातात कसा आला, हे मी नंतर खूपदा आठवून बघितलं. कोणी मला रंग मार म्हणालं नव्हतं.

ड्रायव्हर गाडीत चढताना मी त्याला हळूच म्हणालो, “उद्या येऊन जा उस्ताद. डावीकडं थोडं राहिलंय.”

“काय राह्यलंय?”

मालक शेजारीच बसला होता. “रंगाचा दुसरा हात,” मी म्हणालो.

“मिस्त्री, रबराला बी पावडर-लाली लावता का काय तुमी?” तो हसला आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. रंगाच्या दुसऱ्या हातासाठी कोण येतं? तिसऱ्या दिवशीही नाही. मी रस्त्याकडे तोंड करून काम करू लागलो. प्रत्येक ट्रकच्या डाव्या चाकामागं बघायचो. ताटातली भाकरी अर्धी राहायची. बायकोला सांगितलं, पित्त झालंय. डोळे मिटले की ते चार ठिपके दिसायचे. एक सुटला की बाकीच्या तिघांवर किती भार येईल, याचा हिशेब आपोआप चालू व्हायचा.

सहाव्या दिवशी दुपारी ती गाडी दुकानासमोरून गेली. कापसानं भरलेली, मागं दबलेली. डावं रबर रस्त्याला घासत होतं, धुळीची रेघ ओढत होतं. मी हातातलं टाकून पळालो. “थांब! उस्ताद, थांब!” ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मी हात हलवतोय हे त्याला दिसलं असावं, कारण त्यानंही खिडकीतून हात काढून हलवला आणि दोनदा हॉर्न वाजवला. रामराम घातला त्यानं. मी रस्त्यात उभा राहिलो. सायकल दुकानालाच टेकवलेली होती. जिनिंग मिल दीड-दोन मैलांवर, आणि आत जाऊन गाडी मागंच घ्यावी लागणार होती. मी सायकल काढली नाही. मिलमध्ये गाडीचा मालक असेल, चार माणसांत तो विचारील, टाके मारून रंग कुणी लावला, या विचारानं मी परत जाऊन हातोडी उचलली.

तासाभरात मिलमधला एक माणूस आला. “मिस्त्री, चला. पोलिसांच्या जमादारानं बोलावलंय. पंच पायजे.”

“कशाला पंच?”

“ट्रक मागं घेताना हमालाला लागलंय.”

मेला का, असं विचारायचं होतं. आता सायकलवर बसलो.

मिलच्या आवारात गाडी तिरपी उभी होती. रबर चाकाखाली सापडलं, चाकानं ते ओढलं, ब्रॅकेट जोडापासून उखडलं आणि पहारीसारखं फिरून बाजूला उभ्या हमालाच्या घोट्यावर बसलं, असं झालं होतं. त्याला दवाखान्यात नेलं होतं. कापसावर रक्त पडलेलं होतं आणि एक बाई तो कापूस वेगळा काढत होती. रबर मात्र कुणीतरी उचलून, पुसून, भिंतीशी उभं केलं होतं. देवीचं नाव पायाखाली येऊ नये म्हणून.

जमादार खुर्चीवर कागद घेऊन बसला होता. त्यानं तुटलेला तुकडा बुटानं माझ्याकडे सरकवला. मी वाकून हातात घेतला. चार कोपऱ्यांवर चार ठिपके तुटून चकाकत होते, मधे सगळीकडे काळा रंग. मी अंगठा त्याच्यावर ठेवला.

“तू या कामातला जाणता. हे कशानं तुटलं?”

मालक तिथंच होता. मिलचे लोक होते. ड्रायव्हर गाडीच्या पायरीला धरून उभा होता आणि माझ्याकडे आशेनं बघत होता. मिस्त्री आपला माणूस, नीट सांगेल, असं त्याला वाटत असावं.

मी म्हणालो, “गाडी जोरात मागं घेतली की कुठलंही ब्रॅकेट तुटतं, साहेब.”

जमादारानं ते तसंच लिहिलं.

“मिस्त्री, म्या जोरात न्हाई घेतली हो,” ड्रायव्हर म्हणाला. “हमालच म्हनून राह्यला होता, येऊ द्या, येऊ द्या. म्या त्याच्या आवाजावर घेत होतो.”

“तू गप,” मालक त्याच्यावर ओरडला. “डोळे हायत का भोकं?”

मी सही केली. मालक आणि हमालाच्या घरच्यांनी ते प्रकरण आपसात मिटवलं, कोर्टात काही गेलं नाही. पण माझं वाक्य सगळीकडे गेलं. ड्रायव्हरला मालकानं त्याच दिवशी उतरवलं आणि जालन्यात त्याला पुन्हा कुणी गाडी दिली नाही. जाता जाता मालक मला म्हणाला, हे रबर इथं नको, तू ने, चांगल्या जागी ठेव. लोखंडाचा तुकडाही मीच उचलला. तो दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

हमालाचा पाय वाचला, पण पोतं उचलण्याजोगा राहिला नाही. पुढं तो बसस्टँडबाहेर शेंगा विकायचा. मी शेजारच्या बोळातून जायचो. तोही आता नाही. त्याला सांगायचं राहून गेलं आणि ते आता कधीच होणार नाही.

ड्रायव्हरची खबर मला गिऱ्हाइकांकडून कळायची. टेंभुर्णीचा एकजण एकदा हसत म्हणाला, “त्याला आमच्याकडं ‘येऊ द्या’ म्हंतेत. बैल जरी मागं सारत असला तरी पोरं वरडतेत, येऊ द्या, येऊ द्या!” मी दुकानात एकटा राहिल्यावर दार लावून घेतलं.

दोन हजार सालानंतर एकदा मी टेंभुर्णीला गेलो होतो. सगळं सांगायचं ठरवून. बाजाराचा दिवस होता. चहाच्या टपरीवर बसलो. तो समोरून डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन आला. केस पांढरे झालेले. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “येऊ द्या!” चार-पाच जण हसले. तो चालताना मधेच थांबला आणि त्यानं मान वळवून मागं बघितलं. मागं काही नव्हतं. मग चालू लागला. मी चहा तसाच ठेवून पहिल्या गाडीनं परत आलो.

यंदा उन्हाळ्यात पुन्हा गेलो. तो लोखंडी तुकडा कापडी पिशवीत घालून नेला. ड्रायव्हर दारात बाजेवर बसला होता. मला त्यानं लगेच ओळखलं. “या मिस्त्री,” म्हणाला आणि सरकून जागा दिली. मी बसलो नाही. तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, नखानं रंग खरवडला. गंजलेले ठिपके बोटानं चाचपले.

“चारच?”

“लाइट गेल्ती,” मी म्हणालो. आणि मग सगळं सांगितलं. ब्रश, रंगाचा दुसरा हात, सायकल.

“मी तर म्हनलं तुमी रामराम घालून राह्यले.” त्यानं तुकडा उलटापालटा केला. “मंग तवा का न्हाई बोलले?”

“भ्यालो.”

“कुणाला?”

मालक तर कधीच वारला होता.

“मिस्त्री, एक सांगू? पहिली दोन वर्षं मी समद्यांना सांगत होतो, जोरात न्हाई घेतली. मंग माझं मलाच वाटाया लागलं, घेतली असंल. जाणत्या माणसानं लिहून दिलंय म्हनल्यावर. निजताना उजवा पाय वर करून बघायचो. ह्यानंच ॲक्सिलेटर दाबलं असंल म्हनून.” त्यानं बाजेवरून पाय खाली सोडला, जमिनीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. “पोराला ट्रॅक्टर घेऊन दिला. तेच्यावर आजवर बसलो न्हाई. भ्या वाटतं.”

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं ते मागं घेतले.

“पाया नका पडू. तोंडी बी नका सांगू. तवा लिहून सही केल्ती ना? तसंच लिहून द्या. आन बाजाराच्या दिवशी टपरीवर तुमीच वाचा.”

“नाव घालू तुमचं?”

“नको. माझं नाव लई घेतलंय लोकांनी. फक्त ते जोराचं घाला.”

म्हणून हे लिहिलं. रबर अजून भिंतीशी आहे. आता मंगळवारी मीच त्याला कुंकू लावतो. अजून भीती वाटते, पण बाहेर जात नाही. बाजार परवा आहे. टपरीवर कोण कोण असेल, कुठून आवाज येईल, हे सगळं आतापासून डोक्यात चालू आहे. सकाळच्या गाडीनं जाणार आहे.

त्यानं सांगितलेलं वाक्य शेवटी घालतो, कारण पंचनाम्यातही ते शेवटीच होतं. गाडी जोरात मागं आलेली नव्हती. ड्रायव्हर हमालाच्या आवाजावर, सावकाश, गाडी मागं घेत होता. डाव्या ब्रॅकेटला चार टाके होते आणि त्यावर मी काळा रंग लावला होता. खाली सही केली आहे.