गंधक मागवलाय का?

गोल करून बसायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न आला तो टॉवेलच्या खुर्चीचा.

आमच्या कारखान्यात चेअरमनसाहेबांच्या खुर्चीला पांढरा टॉवेल असतो. सभा कुठेही असो, शिपाई ती खुर्ची आधी नेऊन मधोमध ठेवतो. पुण्याहून आलेल्या ट्रेनर मॅडम म्हणाल्या, "वर्तुळात सगळे सारखे. खास खुर्ची नको." शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी लेबर ऑफिसर, म्हणजे ज्या कामाला कुणी वाली नाही ते माझं. मी म्हटलं, राहू दे वर्तुळातच. राहिली, पण तिच्या शेजारी बसायला कुणी तयार होईना.

दुष्काळाचं वर्ष होतं. कारखाना सहकारी, साखरेचा, बीड जिल्ह्यातला. नाव सांगत नाही. आमच्या संचालकांना पेपरात नाव आलेलं आवडतं, पण अशा कारणासाठी नाही. निम्मा ऊस रानातच वाळला आणि जो हिरवा राहिला तो चारा छावण्यांतल्या जनावरांकडे चालला होता. दसरा तोंडावर आला तरी यंदा गाळप होणार की नाही, हे कुणी सांगत नव्हतं. विचारलं की एमडी म्हणायचे, "विचार चालू आहे." हा विचार उन्हाळ्यापासून चालू होता.

कामगारांची झोप उडाली, खात्याखात्यांत भांडणं लागली. तेव्हा एमडींनी उपाय काढला, ग्रुप मेंटॉरिंग. एका अनुभवी माणसाभोवती सहकाऱ्यांचा गट करायचा, सगळ्यांनी मन मोकळं करायचं आणि एकमेकांना धीर द्यायचा. कल्पना चांगलीच होती. पण 'गट' हा शब्द ऐकून चेअरमनसाहेब खुर्चीत सावरून बसले. सहकारात त्या शब्दाने भल्याभल्यांची सत्ता गेलेली आहे.

"एका खात्याची माणसं एकत्र बसवू नका," ते मला म्हणाले. "उगं टोळकं जमतंय. प्रत्येक गटात येगयेगळ्या खात्याची घाला."

मी हुकमाप्रमाणे घातली.

आता भीमरावबद्दल सांगतो. भीमराव आमचा पॅनमन, गाव उमापूर. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्याची साखर पाडणारा. असा माणूस कुठल्याही कारखान्याला हवा असतो. सोलापूरकडच्या एका कारखान्याने त्याला हंगामापुरतं बोलावलं होतं. तो गेला आणि इथे गाळप सुरू झालं, तर गैरहजर म्हणून कायमची नोकरी जाणार. थांबला आणि इथलं चाक फिरलंच नाही, तर हंगामभर बिनपगारी घरी. त्याने बिनपगारी रजा मागितली. एमडी म्हणाले, "पॅनमनलाच सोडलं तर बाहेर काय मेसेज जाईल?"

तो रोज माझ्या टेबलापाशी यायचा. "साहेब, व्हणार का न्हाई, एवढं सांगा. न्हाई म्हणलं तरी चालतंय." मला माहीतच नव्हतं, तर सांगणार काय? माणूस निम्मा झाला होता. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

शिबिराचं उद्घाटन झालं. आधी चेअरमनसाहेबांचा सत्कार, मग एमडींचा, मग मॅडमचा. नारळ एकच होता, तो फिरत राहिला. तालुक्याचे एक पत्रकार आले होते, म्हणून चेअरमनसाहेबांना भाषणाचा जोर चढला. "कामगार माझी लेकरं हायती. या गटांमदी जे ठरंल, त्याच्या पाठीशी मी उभा हाय." टाळ्या घेऊन ते गेले. समारोपाला येणार होते, म्हणून खुर्ची तिथेच राहिली.

भीमरावच्या गटाचे मेंटॉर होते स्टोअरचे शेख काका. टॉवेलची खुर्ची याच वर्तुळात होती आणि तिच्या शेजारी शेवटी मीच बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, "हल्ली मनाला काय लागलं, ते प्रत्येकाने सांगायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं."

जो तो शेजाऱ्याला 'आधी तू' म्हणून ढोसायला लागला. मग शेख काकाच बोलले. "रस साफ करायला गंधक लागतो. दरसाल या टायमाला येतो. औंदा माझ्याकडं मागणीच आली न्हाई. मला वाटलं, माझ्यावरचा भरवसा उडाला, परस्पर दुसऱ्याकडून मागवतेत. लई लागलं मनाला."

बॉयलरवाला चमकला. "काका, मला बी तसंच वाटलं. बॉयलर तपासायला इन्स्पेक्टर येत असतो. त्याला औंदा कुणी बोलावलंच न्हाई. मला वाटलं, मला काढून दुसरा आणतेत. बायकोला बी बोललो न्हाई मी."

शेतकी खात्याचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी ठेवणारा, मान खाली घालून म्हणाला, "मी शिरूर कासारला गेलतो. तिकडच्या मुकादमांनी तोडीची आगाऊ उचल दुसऱ्याच कारखान्याकडून घेतलीय. म्हणले, तुमच्याकडून कुणी आलंच न्हाई. मला वाटलं, मीच कमी पडलो." मग टॉवेलकडे बघत हळूच म्हणाला, "साहेबांच्या मळ्यातला ऊस बी छावणीला गेला."

एवढे दिवस प्रत्येकजण आपलंच काहीतरी चुकलं म्हणून कुढत होता आणि राग शेजारच्या खात्यावर काढत होता. कुणी कुणाला बोललं नव्हतं. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मॅडमना उसातलं काही कळत नव्हतं, तरी हे कळलं. त्यांनी विचारलं, "मग आता अनिश्चित काय राहिलं?"

"काय बी न्हाई," शेख काका म्हणाले. "औंदा चाक फिरत न्हाई."

भीमराव हसला. मोठ्याने हसला आणि चहा मागितला. मेंटॉरिंगचा इतका झटपट गुण मी पुन्हा कधी पाहिला नाही.

समारोपाला चेअरमनसाहेब टॉवेलला टेकून बसले. पत्रकार जेवणासाठी थांबलेलेच होते. भीमराव उठला.

"साहेब, गटात असं ठरलं की औंदा गाळप न्हाई. आमाला बिनपगारी रजा द्या. हंगाम संपला की माघारी येतो."

"कोण म्हणतं गाळप न्हाई?"

"बॉयलरचा इन्स्पेक्टर न्हाई, गंधक न्हाई, तोडीला माणूस न्हाई. तुमचा ऊस बी छावणीत."

एमडी छताकडे बघत राहिले. चेअरमनसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, "गेला माझा ऊस छावणीला. जनावरं मरू द्यायची का मग?"

"न्हाई साहेब, जनावरं जगलीच पायजेत," भीमराव शांतपणे म्हणाला. "त्यांच्या म्होरं तुमी ऊस टाकला, आमच्या म्होरं शिबिर टाकलं. त्यानं पोट भरत न्हाई. दावं तेवढं सोडा, आमचं आमी चरून येतो."

पत्रकाराने वही काढली. चेअरमनसाहेबांनी वहीकडे पाहिलं, मग एमडींकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, "गटाच्या पाठीशी हाय असं सकाळीच बोललोय मी. द्या रजा."

भीमराव सोलापूरकडे गेला, हंगाम करून परत आला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर आमच्याच पॅनवर उभा राहिला. मॅडमच्या रिपोर्टात आलं की कर्मचाऱ्यांच्या मनातली अनिश्चितता पूर्णपणे दूर झाली. एमडींनी तो रिपोर्ट फ्रेम करून घेतला.

त्यानंतर कामगारांच्या मानसिक स्वास्थ्याचं कुठलंही सर्क्युलर आलं की मी आधी स्टोअरमध्ये जायचो. शेख काकांना विचारायचो, गंधक मागवलाय का? मागवला असेल तर शिबिरात निवांत डुलकी काढायचो. नसेल, तर रजेचे अर्ज छापायला टाकायचो.