शुभांगीचा अंगठा आणि माझी दुरुस्ती

माझ्या मुलीच्या उजव्या हाताचा अंगठा मी मोडला. अगदी प्रेमानं.

शुभांगी आमच्या एरंडोलच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. दोन वर्षं रोज पहाटे पाचला उठणारी पोरगी. (मी तिला उठवायला सहाला उठायचो!) जिल्ह्याच्या संघाची निवड चार दिवसांवर आली, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक सरांनी कुठूनतरी चेंडू फेकायचं मशीन मागून आणलं. दोन चाकं गरगर फिरतात, मधे चेंडू सरकवला की सुटतो. तोंड खाली केलं की बेसजवळच्या मुलींना जमिनीलगत सरपटणारे चेंडू; आभाळाकडे केलं की कॅचरला उंच झेल. चेंडू भरायला एक पालक हवा होता.

"मी आहे ना, सर! मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं!"

"भाऊ, नुसते चेंडू टाका. बाकी कशाला हात लावू नका."

अर्धा तास हात नाही लावला. मुली सरपटी चेंडू उचलून शुभांगीकडे फेकत होत्या, सगळं छान चाललं होतं. पण मला त्या मोटरचा आवाज आजारी वाटला. आणि आजारी मोटर बघून मला राहवत नाही! सर पलीकडे मुलींना गुडघ्यात वाकायला शिकवत होते. तेवढ्यात मी झाकण उघडलं, वेगाचा रेग्युलेटर काढला आणि वायर थेट जोडली. काय खणखणीत बोलू लागली मोटर!

मग उंच झेलांची पाळी. मी चेंडू सरकवला. तो गेला. गेला म्हणजे दिसेनासाच झाला!

"भाऊ, काय केलं?" सर ओरडले.

"दुरुस्त केलं!"

शुभांगीनं मास्क भिरकावला आणि मान वर करून "माझा! माझा!" म्हणत ती फिरू लागली. परत येणारा चेंडू आधी मला दिसला. बापाचं काळीज! मी समोरून ओरडलो, "डावीकडे! डावीकडे!"

ती डावीकडे धावली. मी माझी डावी बाजू सांगत होतो.

शेवटच्या क्षणी ती उलटी झेपावली आणि चेंडू ग्लोव्ह सोडून उघड्या अंगठ्यावर आदळला.

"कसं लागलं गं?" प्लॅस्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं.

"बाबांनी दुरुस्त केलं," ती म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोललीच नाही.

घरी माझी आई, अक्का, दारातच कडाडली, "बठ्ठं तुन्हंच करेल शे!" (सगळं तुझंच केलेलं आहे!) बायकोनं माझी हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर टाकली. ते जास्त लागलं.

प्रायश्चित्त म्हणून शुभांगीची वेणी मी घालू लागलो. तांब्याची तार गुंडाळायची सवय. वेणी कॉइलसारखी घट्ट! आरशात तिचे डोळे भरलेले दिसायचे. वेणी जास्त आवळली असेल, असं मी स्वतःला सांगायचो.

निवडीला ती हट्टानं गेली. बाकावर बसून, आपल्या जागी उभ्या राहिलेल्या मुलीला ओरडून ओरडून सूचना देत राहिली. त्या मुलीची निवड झाली. परतताना एसटीत शुभांगीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "बाबा, पुढच्या वर्षी..." एवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर काही नव्हतं.

दोन आठवड्यांनी सरांचा फोन आला.

"भाऊ, मशीनवर चेंडू टाकायला येता का?"

मला गहिवरून आलं. "सर, अजून विश्वास आहे माझ्यावर?"

"पूर्ण! आपली मॅच धुळ्याशी आहे. तुम्ही त्यांच्या सरावाला जा."